आदर्श श्रोत्याचा अँटेना

पेणच्या रामवाडीत राहणारे आणि रोह्याच्या एका रसायन कंपनीत शिफ्ट सुपरवायझर असलेले महिपती ठाकूर यांनी आपल्या खाजगी मोटारीत रेडिओ स्कॅनर बसवायचं ठरवलं, तेव्हा त्यामागे कसलीही महत्त्वाकांक्षा नव्हती. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवणं आवश्यक आहे, कारण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. खुद्द महिपतींच्याही नाही.

कारण साधं होतं. त्यांची थोरली बहीण चंद्रावती खाडीकाठच्या खारनिवळी गावात राहायची. नवरा गेल्यावर तिने बांधाच्या आत स्वतः तळं खणून घेतलं होतं आणि त्यात जिताडे मासे पाळले होते. तळं, भातशेती, विहीर, सगळं गाव एका मातीच्या बांधाच्या भरवशावर होतं. उधाणाच्या भरतीला खाडी चढते, बांध पाझरायला लागतो, आणि पाझर वेळेवर बुजवला नाही तर बांध फुटतो. खारनिवळीत त्याला 'खांड गेली' म्हणतात आणि हे शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आदल्या वर्षी खांड गेली तेव्हा वीज गेली, विजेमागोमाग मोबाइल गेले, आणि महिपतींना ही बातमी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये समजली. चंद्रावतीने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. तेच त्यांना फार लागलं.

त्यानंतर शासनाला जाग येऊन 'खाडीकाठ सूचना व श्रवण कक्ष' स्थापन झाला. योजना खरोखर चांगली होती, हेही नोंदवलं पाहिजे. बांधावरचा राखणदार वॉकीटॉकीवरून कक्षाला कळवणार, कक्ष ती सूचना रेडिओवरून सांगणार, आणि रस्त्यावर फिरणाऱ्या खाजगी गाड्यांतले स्वयंसेवक ती ऐकून गावाकडे धावणार. या स्वयंसेवकांना 'चल श्रोता' असा दर्जा होता. प्रत्येकाला परवान्यासह एक स्कॅनर मिळाला. स्कॅनर म्हणजे डब्याएवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र. ते एकामागून एक वाहिन्या चाचपत राहतं आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतं. फक्त अँटेना कक्षाने दिला नव्हता. 'श्रोत्याने अँटेना स्वतःच्या विवेकानुसार निवडावा,' असं परिपत्रकात म्हटलं होतं. एखादी गोष्ट आपल्या विवेकावर सोडली जाण्याची लोकांना सवय नसल्याने पहिला घोटाळा तिथेच झाला.

महिपती पत्नी नमितासह निसीम पेणकरच्या दुकानात गेले. पेणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या यहुदी कुटुंबांपैकी आता उरलेलं हे एक. निसीमची मुलं इस्रायलला गेली, तो गेला नाही. "तिथं उगाच हॉर्न कोण वाजवत नाय," तो सांगायचा, "मी धंदा काय करू?" त्याच्या दुकानात हॉर्न, सीटकव्हर, नंबरप्लेट आणि गाडीच्या मागच्या काचेवर लावायची देवादिकांची चित्रं मिळत.

"अँटेना हवा," महिपती म्हणाले.

"ऐकायचा हाय का दाखवायचा?"

"ऐकायचा."

निसीमने चष्मा काढून त्यांना नीट पाहून घेतलं. मग आतल्या खोलीत जाऊन धूळ झटकत एक पोलादी काडी आणली. हातभर लांब, बुडाशी चुंबक. "ज्या लहरी ऐकायच्या, त्यांच्या मापाची काडी लागते. लांब घेतली म्हणून जास्त ऐकू येत नाय. ही टपाच्या मधोमध चिकटवा. खालचा पत्रा तिला मदत करतो."

"टपाला भोक नाही ना पाडायचं?" नमिताने विचारलं. गाडी नवीन होती.

"नाय वहिनी. चुंबक हाय. उचलली की निघते."

काडी लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने काम केलं. अमावास्येचं उधाण होतं. महिपती शिफ्ट संपवून रोह्याहून निघाले आणि खांब गावाच्या अलीकडे यंत्रातून खणखणीत आवाज आला, "खारनिवळी, उत्तर बांध, पाझर सुरू हाय, माणसं पायजेत." महिपतींनी गाडी दामटली. गावात शिरताना हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. घराघरातून माणसं बाहेर आली. पेंढा, चिखल, पोती, मिळेल ते घेऊन बांधावर गेली. भरती उतरेपर्यंत महिपतीही कमरेएवढ्या चिखलात उभे होते. पाझर बुजला. चंद्रावतीने निघताना केळीच्या पानात एक जिताडा बांधून दिला. "बेस हाय तुझा रेडिओ," ती म्हणाली. एवढा मोठा गौरव तिने पूर्वी कुणाचाही केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी महिपतींनी ही हकीकत सोसायटीचे चेअरमन काळुराम शेठ यांना सांगितली. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बांध फुटला नाही?"

"नाही."

"कुणी वाहून गेलं नाही?"

"नाही हो."

"म्हणजे काहीच झालं नाही," शेठ म्हणाले आणि गाडीकडे वळले. "आणि अँटेना तो हा? मी उदबत्तीचं घर समजत होतो."

कक्षाचे तांत्रिक निरीक्षक निलेश कडू यांचंही मत निराळं नव्हतं. ते चल श्रोत्यांच्या गाड्यांचे फोटो काढायला आले होते आणि महिपतींच्या गाडीचा फोटो त्यांनी तीन बाजूंनी काढून पाहिला.

"आपल्या वाहनावर अँटेना दृश्यमान नाही," ते म्हणाले.

"पण ऐकू येतं, साहेब. परवाच खारनिवळीचा बांध वाचला."

"वाचलेल्या बांधाचा फोटो कसा काढणार? तो आधीसारखाच दिसतो." कडूंच्या स्वरात खरी कळकळ होती. "मला वर फोटो पाठवावे लागतात, ठाकूर. वरच्यांना आवाज पाठवता येत नाही."

महिपती पुन्हा निसीमकडे गेले आणि मागच्या बंपरवर बसणारा, माणसाहून उंच, बुडाशी स्प्रिंग असलेला अँटेना घेऊन आले. गाडी थांबली तरी तो बराच वेळ डुलत राहायचा.

"ह्यानं कमी ऐकू येईल," निसीमने सांगितलं.

"पण येईल ना?"

"येईल. काय ना काय येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडखळला नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली होती. महिपतींची गाडी रांगेच्या शेवटी लागली आणि पुढच्या चौकातल्या हवालदाराने तो डुलणारा अँटेना पाहिला. त्याने शिट्टी फुंकली, दोन ट्रक बाजूला घेतले, एका एसटीला मागे रेटलं, आणि गाडी समोर आल्यावर खाडकन सलाम ठोकला. सलाम कुणाला आहे हे पाहण्यासाठी महिपतींनी आरशात पाहिलं. मागे बकऱ्यांनी भरलेला टेम्पो होता. तेव्हा त्यांना हळूहळू उलगडा झाला. कंपनीच्या फाटकावर आडवा दांडा हॉर्नच्या आधीच वर गेला. मॅनेजर केबिनमधून धावत आला आणि घाम पुसत म्हणाला, "अरे ठाकूर, तुम्ही होय! मला वाटलं, तपासणी आली."

महिपतींनी हे घरी सांगितलं तेव्हा नमिता हसली. पण रविवारी तिने बाजारात गाडी थेट भाजीवाल्यांच्या रांगेसमोर उभी करायला लावली, आणि कुणीही हरकत न घेता उलट एकाने आपली फळी मागे घेऊन जागा करून दिली, तेव्हा ती गंभीर झाली. "अहो," ती म्हणाली, "हा काढू नका हं इतक्यात."

महिन्याभरात महिपती दोन बोटं कपाळाशी नेऊन सलाम परत करायला शिकले. स्कॅनरमधून आता खरखर यायची. मधूनच रोह्याच्या कुठल्यातरी कारखान्यातला फोर्कलिफ्टवाला ऐकू यायचा, "ड्रम खाली घे रे, खाली घे." बोलताना अडथळा होतो म्हणून त्यांनी आवाज कमी केला.

प्रगती एकाच घरी थांबत नसते. काळुराम शेठनी आपल्या गाडीला दोन अँटेना लावले. स्कॅनर त्यांच्याकडे नव्हता, परवानाही नव्हता. "ऐकायचं कशाला?" ते म्हणाले, "मी आजवर कुणाचं ऐकलं नाही." पाठोपाठ डॉक्टर, बिल्डर, क्लासवाले सर आणि दोन प्रवचनकार यांनी अँटेना लावले. लग्नात नवरदेवाच्या गाडीला अँटेना लावून त्यावर झेंडूची माळ चढवण्याची पद्धत पडली. एका सासऱ्याने आखूड अँटेनावरून सोयरिकीत अबोला धरला. निसीम सुरुवातीला गिऱ्हाइकांना विचारायचा, "बरोबर यंत्र पायजे का?" लोकांना तो अपमान वाटू लागला, तेव्हा त्याने विचारायचं सोडलं आणि शेजारचा गाळा गोडाऊन म्हणून भाड्याने घेतला.

अँटेनांची संख्या वाढल्यावर त्यांचं नियमन करणं कक्षाला भाग पडलं. नवीन परिपत्रक निघालं. अँटेना ताठ, निष्कलंक व चकाकता असावा. त्याची तपासणी कोणत्याही वेळी, कोणत्याही ठिकाणी, पूर्वसूचना न देता केली जाईल. तपासणीच्या वेळी स्कॅनर बंद असावा, कारण आवाजामुळे तपासणी अधिकाऱ्याचं लक्ष अँटेनावरून विचलित होतं.

महिपतींनी ते वाचलं आणि ते कडूंना भेटले.

"साहेब, तपासणी केव्हा होईल ते सांगणार नाही म्हणता."

"बरोबर."

"आणि तपासणीला यंत्र बंद हवं."

"अगदी बरोबर."

"म्हणजे यंत्र कायम बंदच ठेवायचं?"

"तसा आदेश नाही," कडू सावधपणे म्हणाले.

"मग ऐकायचं कधी?"

"ऐकण्याला परिपत्रकात कुठेही मनाई नाही," कडू म्हणाले. त्यांनी परिपत्रक पुढे सरकवलं आणि खात्री करून घ्यायला सांगितलं. महिपतींनी खात्री करून घेतली. खरोखरच मनाई नव्हती.

त्या आठवड्यात चंद्रावती पेणच्या बाजाराला आली होती. महिपती तिला गाडीने परत सोडायला निघाले. ती पुढच्या सीटवर पाटी मांडीवर घेऊन बसली आणि गप्प असलेल्या यंत्राकडे पाहू लागली.

"आज बोलत नाय काय ह्यो?"

"बंद ठेवायला लागतो, ताय. कक्षाचा नियम हाय गो."

"आन बांधाला हाय म्हाईत, त्यो नियम?"

महिपतींनी समोर पाहत गाडी चालवली.

"पुनवंचं उधाण मोठं हाय औंदा," चंद्रावती म्हणाली. "पोरांनी दोन वेळा माती टाकली उत्तर बांधावर, पन जीव थाऱ्यावर नाय. आन तुझी ती काठी... महिपती, काठीवर कावला बसंल रं. बातमी नाय बसायची."

तिला सोडून महिपती परस्पर निसीमकडे गेले. त्या वेळी त्यांचा विचार पक्का झालेला होता, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. "तीच छोटी काडी परत लाव," ते म्हणाले. निसीमने मान हलवली, पाना घेतला आणि बंपरपाशी वाकला. तेवढ्यात समोरच्या हॉटेलचा मालक लगबगीने रस्ता ओलांडून आला. "साहेब, गाडी उन्हात कशाला? मी माझी बाहेर काढतो, तुम्ही सावलीत लावा." त्याने खरोखरच आपली गाडी काढली. चहाही पाठवला. महिपतींनी तो सावलीत उभं राहून प्यायला.

"काढू का मग?" निसीमने विचारलं.

"राहू दे," महिपती म्हणाले. "उधाण होऊन जाऊ दे. मग बघू."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचा अर्थ त्यांना जाणवला असावा, कारण रिकामा कप त्यांनी पुन्हा तोंडाला लावला. पण ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही, आणि निसीमने पाना जागेवर ठेवला.

पुढचं परिपत्रक अधिक सुटसुटीत होतं. सर्व श्रोत्यांनी आपापले स्कॅनर प्रमाणीकरणासाठी कक्षात जमा करावेत. अँटेना मात्र वाहनावर कायम ठेवावेत, अन्यथा योजना बंद पडली असा जनतेचा गैरसमज होईल. महिपतींनी स्कॅनर जमा केला. कडूंनी तो इतरांच्या स्कॅनरबरोबर एका लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. पुढे अँटेनांची पाहणी होऊन महिपतींचा अँटेना पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत सर्वांत ताठ ठरला आणि 'आदर्श श्रोता' हा पहिला सन्मान त्यांना जाहीर झाला.

समारंभ रोह्यात, कक्षाला लागून असलेल्या सभागृहात होता. दिवस पौर्णिमेचा निघाला. त्या दिवशी उधाण आहे हे तारीख ठरवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण पाहुणे तेवढ्याच दिवशी मोकळे होते. बाहेर आवारात गाड्या लावायला जागा नव्हती. अँटेनांचं नुसतं रान माजलं होतं. भर दुपारच्या वाऱ्यावर ते एकाच दिशेला डुलत होते आणि वार्ताहर त्यांचे फोटो घेत होते.

कडूंनी प्रास्ताविकात सांगितलं की, ऐकणं ही आपली परंपरा आहे. टाळ्या वाजल्या. महिपतींच्या खांद्यावर शाल पडली, हातात श्रीफळ आलं. नमिता पहिल्या रांगेत मोबाइलवर चित्रण करत होती. त्याच वेळी कक्षातला शिपाई जगन व्यासपीठाच्या मागून आला आणि कडूंच्या कानाशी वाकला.

"साहेब, कपाट बोलतंय."

"कुठलं कपाट?"

"आपलं, कुलपातलं. कोनाचं तरी यंत्र चालू राह्यलंय आत."

"काय बोलतंय?"

"खारनिवळी, खारनिवळी करतंय. बांधावरच्या राखनदाराचा आवाज हाय. सकाळधरनं. पन सकाळी तुमी हार आनायला गेलेलात."

कडूंनी घड्याळाकडे पाहिलं. "कपाट उघडायचं म्हणजे समिती बसवावी लागेल," ते म्हणाले. "पाहुणे जाऊ देत."

महिपती त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी 'खारनिवळी' ऐकलं. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांनी ऐकलेला हा पहिला उपयोगी शब्द. ते उठले, खुर्ची मागे पडली, आणि शालीसकट व्यासपीठावरून उतरून ते धावत सुटले. पाहुण्यांना वाटलं, गृहस्थ भारावून गेले.

रोह्यापासून वडखळपर्यंत त्यांना कुणीही अडवलं नाही. अँटेना दुरून दिसताच ट्रक बाजूला होत होते. नाक्यावर वाहतूक थांबवून हवालदाराने त्यांना वाट करून दिली आणि सलाम केला. इतक्या वेगाने ते आयुष्यात कधी गेले नव्हते. रस्ता मोकळा मिळण्यात अँटेनाचा वाटा निर्विवाद होता.

खारनिवळीच्या वेशीवर रस्ता संपला आणि पाणी सुरू झालं. उत्तर बांध मधोमध फुटला होता. भातशेती दिसत नव्हती, तळं कुठे होतं ते कळत नव्हतं. माणसं शाळेच्या जोत्यावर भांडीकुंडी घेऊन बसली होती. जीव सगळ्यांचे वाचले होते, बाकी काही वाचलं नव्हतं. कुणीतरी अँटेना पाहिला.

"साहेब आले! साहेब आले!"

लोक चिखल तुडवत धावले. शेजारच्या पाड्यांवरचीही माणसं होती, ती महिपतींना ओळखत नव्हती. जी ओळखत होती, ती त्या गर्दीत मागे राहिली. शाल पांघरलेल्या माणसाभोवती क्षणात कडं झालं. "साहेब, पंचनामा कवा होनार? साहेब, प्यायला पानी नाय. साहेब, माजी म्हस..." मी साहेब नाही, असं सांगण्यासाठी महिपतींनी तोंड उघडलं. पण इतक्या दिवसांच्या सवयीने त्यांची दोन बोटं कपाळाशी गेली आणि तोंडून निघालं, "होईल, होईल. सगळं होईल."

गर्दी शांत झाली. आणि तिच्या मागे, गुडघाभर चिखलात, रिकामं जाळं खांद्यावर टाकून उभी असलेली चंद्रावती त्यांना दिसली. तिने जाळं खाली ठेवलं. ओले हात पदराला पुसले आणि रीतसर जोडले.

"साहेब, माझा एक भाव हाय पेनला," ती म्हणाली. "त्याच्या गाडीत रेडिओ हाय. सकाळधरनं त्याची वाट बघतो आमी. भेटला त सांगा त्याला."

"ताय, मीच गो..."

"नाय साहेब." तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यो हॉर्न वाजवत येतो."

ती वळली आणि फावडी घेऊन निघालेल्या माणसांबरोबर बांधाकडे गेली.

चौकशी झाली. अहवालातलं प्रत्येक विधान खरं होतं. सूचना वेळेत दिली गेली होती. सर्व अँटेना सुस्थितीत होते. श्रोता घटनास्थळी पोचला होता. सबब, दोष भरतीचा. कडूंना बढती मिळाली.

महिपतींनी तो अँटेना त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने उपटला, त्यात बंपर वाकला. तेव्हापासून ते सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन खारनिवळीला जातात आणि नव्या बांधावर माती टाकतात. वडखळला दीड-दीड तास अडकतात. चंद्रावती त्यांना काम करू देते, दुपारी जेवायलाही वाढते. "साहेब, भाकर घ्या," म्हणते. पुन्हा महिपती म्हणून तिने अजून हाक मारलेली नाही.

कक्षाने मात्र या अनुभवातून धडा घेतला. अँटेनाचा सगळा वादच नको म्हणून आता धोक्याची सूचना थेट प्रत्येकाच्या मोबाइलवर देण्यात येते. मध्यंतरी तिची चाचणी झाली. ऐन दुपारी सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश किंचाळले आणि पडद्यावर मराठीत चार ओळी आल्या. तुमच्याकडेही आल्या असतील. यंत्रणेच्या नोंदीप्रमाणे तुमचा मोबाइल चालू होता, सूचना पोचली होती आणि तुम्ही ती एका बोटाने बंद केली होती. त्या चार ओळींत काय लिहिलं होतं, एवढंच कक्षाला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.